कुप्याला गळ लावायला जायचंय? बुकिंगआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपा आणि त्याचा थोरला भाऊ ट्यूना गळाने पकडायच्या समुद्रसहली आम्ही नेतो. आमचं ऑफिस सीबीडी बेलापूरला आहे. फोन करणारी मंडळी बहुतेक घोडबंदर, ऐरोली, वाशी, खारघर इकडची. रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान पहिले चार तरी वाचा आणि मगच ॲडव्हान्स भरा.

बेलापूरच्या जेट्टीवरून पहाटे निघालो तर संध्याकाळपर्यंत ट्यूना घेऊन परत येता येईल का?

नाही. जो ‘हो’ म्हणेल त्याला पैसे देऊ नका.

शाळेच्या भूगोलात ‘भूखंडमंच’ शिकलो होतो, आठवतंय? किनाऱ्यालगतची पाण्याखाली गेलेली उथळ जमीन. मुंबईसमोर ती जवळपास तीनशे किलोमीटर रुंद आहे. तेल काढतात ते मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे आणि तिथेही पाण्याची खोली ७५-८० मीटरच. मोठ्या पिवळ्या परांच्या ट्यूनाला लागतं खोल, स्वच्छ, निळं पाणी. ते इथून दोनशे किलोमीटरच्याही पुढे. ताशी २० नॉट, म्हणजे ३७ किलोमीटर वेगाची चांगली बोट घेतली तरी नुसतं पोचायला साडेपाच तास लागतील, तेही समुद्र शांत असला तर. जाऊन येऊन अकरा तास आणि मासेमारी शून्य. आपल्याकडचे कोळी एवढं आत जातात तेव्हा बर्फ, डिझेल, रेशन भरून आठ-दहा दिवसांसाठी जातात. ती सहल नसते.

आणि हो, तेलाच्या प्लॅटफॉर्मजवळ मासा गोळा होतो हे खरं असलं तरी त्यांच्या भोवतालचा ५०० मीटरचा पट्टा सुरक्षा क्षेत्र आहे. ‘तिकडे घ्या ना जरा’ असा आग्रह आमच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, करू नका.

मग तुम्ही नेता कुठे?

दोन ठिकाणी. पहिली दिवसभराची सहल मालवण-देवगडच्या बाजूने. दक्षिणेकडे जाल तसा हा मंच अरुंद होत जातो आणि पाणी लवकर निवळतं. तिथे कुपा आणि सुरमई मिळते. ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्री कोकणकन्येत बसलात की सकाळी कुडाळ. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा तारीख ठरली की आधी तिकीट काढा, मग आम्हाला फोन करा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्याच्या हद्दीत आम्ही गळ टाकत नाही, बाहेरूनच जातो.

दुसरी सहल अंदमानची, पाच दिवसांची. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे वर राहिलेले माथे. त्यामुळे बेटापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो. जे पाणी आपल्याला मुंबईहून दोनशे किलोमीटरवर मिळायचं, ते तिथे तास-दीड तासात मिळतं. मोठा ट्यूनाच हवा असेल तर अंदमानला पर्याय नाही, आणि त्यात विमानाचा खर्च आलाच.

लक्षद्वीपबद्दलही विचारतात. अगत्ती-मिनिकॉयचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीने ट्यूना ओढतात, जिवंत छोटी मासळी पाण्यात टाकून. बघण्यासारखी कला आहे. पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, त्याचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं, म्हणून आम्ही ती सहल घेत नाही.

कुपा म्हणजेच ट्यूना का?

हा प्रश्न विचारणारा माणूस आम्हाला आवडतो, कारण पुढचे निम्मे गैरसमज इथेच मिटतात.

बाजारात कोळीण ज्याला कुपा किंवा गेदर म्हणते तो ट्यूनाच्याच घराण्यातला, पण धाकटा. साधारण दोन ते पाच किलोचा. पाठीवर मागच्या बाजूला नागमोडी रेघा आणि छातीच्या परांखाली चार-दोन काळे ठिपके दिसले की तोच. पोटावर लांबलचक काळे पट्टे असतील तर तो स्किपजॅक. तोही लहानच. आणि शेपटीकडे पिवळीधमक बारीक पिसं, पाठीवरचा दुसरा पर पिवळा आणि विळ्यासारखा लांब, तो यलोफिन. तो शंभर किलोच्याही वर जातो. अंदमानला दहा-वीस किलोचा मिळाला तरी ओढता ओढता हात भरून येतात.

जपानच्या लिलावात कोटीच्या भावाने विकला जातो तो ब्लूफिन. तो आपल्या अरबी समुद्रात नसतो. इंटरनेटवर फोटो पाहून ‘असाच पाहिजे’ म्हणाल तर आम्ही हात जोडू.

थोडक्यात, मालवणची सहल घेतलीत तर कुपा आणि सुरमई, अंदमानची घेतलीत तर यलोफिनची संधी. बुकिंग करताना जाहिरातीत कुठला फोटो आहे आणि बोट कुठून सुटते, हे दोन्ही नीट बघा. निम्म्या तक्रारी या दोन गोष्टी न जुळल्यामुळेच होतात.

मासा मिळेलच याची खात्री देता का?

नाही. आम्ही बोट, माणसं, सामान आणि वेळ देतो. मासा दर्याचा.

पण हवेत बाणही मारत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजून मासळीच्या संभाव्य जागा कळवते. निघण्याआधी आम्ही ती माहिती बघतोच. समुद्रात गेल्यावर मात्र तांडेलाचे डोळे. एका जागी पाखरं सूर मारताहेत, पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसतेय, तरंगता ओंडका आहे, गढूळ आणि निळ्या पाण्याची शिवण दिसतेय, अशा ठिकाणी आम्ही थांबतो. कधी पहिल्या वीस मिनिटांत तीन गळांना तीन कुपे लागतात. कधी आठ तासांत नुसतं ऊन लागतं.

कुठल्या महिन्यात यावं?

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तो माशांचा विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की आपल्याकडे होड्या लोटतात, पण पाणी निवळायला अजून वेळ लागतो. मालवणसाठी आमची पसंती नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीनंतर दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो, मग सकाळी लवकर निघून बाराच्या आत परतायचं. अंदमानसाठी जानेवारी ते एप्रिल. तिकडे चक्रीवादळं बहुधा मेमध्ये नाही तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, त्या दिवसांचं बुकिंग घेताना आम्ही स्वतःच कचरतो.

मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी वगैरे तुमचं तुम्ही बघा. एकदा सहाजणांचा ग्रुप आला, त्यातले चौघे त्या दिवशी खाणारे नव्हते. मासा भरपूर मिळाला, खलाशांची चंगळ झाली.

एवढे पैसे कसले घेता?

मुख्यतः पेट्रोलचे. दीडशे अश्वशक्तीचं एक इंजिन मध्यम वेगाला तासाला साधारण ३० लिटर पितं. बोटीला अशी दोन इंजिनं, म्हणजे ६० लिटर. दिवसात पाच तास बोट पळाली तर ३०० लिटर. आपल्याकडे पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे, म्हणजे तीस हजारांहून जास्त नुसते इंधनात गेले. त्यावर तांडेल, खलाशी, बर्फ, सामान, विमा, बंदराचे पैसे. बोटीत तुम्ही दोघं असा की चौघं, इंधन तेवढंच जळतं. म्हणून चौघांनी मिळून बोट घेणं सगळ्यात परवडतं. दोघेच असाल तर सांगा, दुसऱ्या दोघांशी गाठ घालून देऊ. दोन्ही बाजूंना चालत असेल तरच.

कुणी याच्या निम्म्या भावात नेतो म्हणाला तर दोनच शक्यता : बोट फार आत जाणार नाही, किंवा इंजिन एकच आहे. दुसरी शक्यता जास्त वाईट. किनाऱ्यापासून तीस किलोमीटरवर एकुलतं इंजिन बंद पडलं की काय होतं ते आम्ही सुरुवातीच्या काळात स्वतः अनुभवलंय. सात तास नांगर टाकून बसलो होतो आणि पाणी संपलं ते चौथ्या तासाला.

वाऱ्यामुळे तुम्ही सहल रद्द केली तर?

बोटीचे पूर्ण पैसे परत, किंवा पुढची तारीख. विमान, रेल्वे आणि हॉटेलचे पैसे आम्ही देत नाही. म्हणून अंदमानला एक दिवस राखून ठेवा. तुम्ही रद्द केलीत तर पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा, त्यानंतर निम्मा, आदल्या दिवशी काही नाही.

निघायचं की नाही हे तांडेल ठरवतो. बंदरात ऊन पडलंय, झाडाचं पान हलत नाही, तरी तो नाही म्हणू शकतो, कारण लाटा कधी कधी शेकडो किलोमीटर लांबच्या वादळातून येतात. घासाघीस आमच्याशी करा, त्याच्याशी नको.

मला बोट लागते. जमेल का?

घारापुरीच्या लाँचमध्ये काही झालं नाही म्हणून इथेही होणार नाही, असं धरून चालू नका. बंदराच्या आतलं पाणी वेगळं. उघड्या समुद्रात बोट थांबवून गळ टाकतो तेव्हा ती पुढे-मागे नाही, आडवी डोलते, आणि नेमकं तेव्हाच पोट वर येतं. धावत्या बोटीत ठणठणीत असलेला माणूस थांबल्यावर दहा मिनिटांत हिरवा पडलेला आम्ही पाहिलाय.

उपाय साधे आहेत. अव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. त्या गोळीने झोप येते, हेही लक्षात ठेवा. आदल्या रात्री मालवणात उतरल्या उतरल्या कोंबडी-वडे आणि वर सोलकढीचे चार पेले, हा बेत परतीच्या दिवसासाठी ठेवा. सकाळी मात्र उपाशीही येऊ नका. कोरडी चपाती, केळं, बटर काहीही चालेल. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवा. बोटीत मधोमध किंवा मागे बसा, नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलंत की संपलं. रॉडच्या टोकाला गाठ मारायचं काम तुम्ही करू नका, खलाशी देईल मारून.

आणि झालीच उलटी, तर लाजायचं नाही. वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नका, एवढंच.

पोहता येत नाही.

चालेल. लाइफ जॅकेट मात्र पोहणाऱ्यालाही घालावंच लागतं, बोट सुटल्यापासून परत लागेपर्यंत. पूर्वी यावर वाद घालणारे बरेच असायचे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. त्यानंतर फोटोपुरतं जॅकेट काढू का, असं विचारणाराही कुणी भेटलेला नाही.

बोटीत व्हीएचएफ रेडिओ असतो, चॅनल १६ वर. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. घरच्यांना तो देऊन ठेवा.

दुसऱ्या कुणाकडे बुक केलं तर बोटीचे कागद कसे बघायचे?

जरूर बघा, आमचेही बघा. मासेमारीची नोंदणी असलेली होडी आणि प्रवासी न्यायची परवानगी असलेली बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात प्रवासी बोटीची तपासणी आणि परवाना मेरीटाइम बोर्डाकडून होतो. त्या कागदावर किती माणसं न्यायची तो आकडा लिहिलेला असतो. तो आकडा आणि बोटीतली जॅकेटं मोजा. विमा प्रवाशांचा आहे की नुसता बोटीचा, ते विचारा. ओळखीच्या माणसाची होडी आहे, दोन हजारात फिरवून आणतो, ही सोय गोड वाटते, पण काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न प्रवासी परवान्याचाच विचारते.

अंदमानला गळाच्या मासेमारीचा परवाना बोटवाल्याकडे आहे का ते बघा. तिथल्या आदिवासी राखीव बेटांजवळ जायला सक्त बंदी आहे. नॉर्थ सेंटिनेलभोवती पाच सागरी मैल. ‘लांबून बघू’ म्हणणाऱ्या तांडेलाच्या बोटीतून उतरा.

तुम्ही सगळ्यांनी आधार कार्ड मूळ प्रत आणायची. समुद्रात तपासणी होते आणि व्हायलाच हवी.

रॉड, रील आमची आणू का?

असेल तर आणा, नसेल तर सगळं बोटीवर आहे. खाडीत शिंगाळा धरायचा रॉड मात्र घरीच ठेवा, पहिल्या धावेत त्याचे दोन तुकडे होतील. कुप्यासाठी मध्यम स्पिनिंग रॉड आणि ३० पौंडाची वेणीची दोरी पुरते. यलोफिनसाठी ५० ते ८० पौंड, पुढे जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा. जिग, पॉपर, स्टिकबेट ही खोटी आमिषं आमच्याकडे भरपूर, पण हरवलीत तर त्यांचे पैसे घेतो.

विमानात गळ आणि चाकू चेक-इन सामानात जातात. रॉडची नळी लांब असते, तेव्हा एअरलाइनला आधी कळवा. हेडलॅम्पच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

सॅटेलाइट फोन कुणा परदेशातल्या नातेवाइकाकडून आणू नका. भारतात विनापरवाना तो बाळगणं गुन्हा आहे.

मासा लागल्यावर नेमकं होतं काय?

पहिल्यांदा आवाज. रीलमधून दोरी जाताना जो कर्रर्र आवाज येतो तो ऐकूनच नवा माणूस रॉड घट्ट धरतो आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळतो. तिथेच दोरी तुटते. पहिल्या धावेत काही करायचं नाही, जाऊ द्यायचं. सुरमई एकदा पळते आणि बरीचशी संपते. कुपा तसा नाही. तो सरळ खाली जातो आणि बोटीखाली गोल गोल फिरत राहतो. तुम्ही दोन हात दोरी गोळा केलीत की तो तीन हात नेतो. चार किलोचा कुपा दहा मिनिटं घेतो, वीस किलोचा यलोफिन तासभरही घेऊ शकतो. रॉड वर उचलताना रील फिरवायची नाही, खाली आणताना फिरवायची. हे आम्ही बंदरात दहादा सांगतो, आणि मासा लागला की सगळे विसरतात.

फळीवर आल्यावर त्याची शेपटी लाकडावर इतक्या जलद आपटते की ढोलकीवर थाप पडल्यासारखं वाटतं. मग खलाशी कल्ल्यामागे चीर देतो, रक्त काढतो. पोट साफ करताना हात आत घालून बघा : कोमट लागतो. मासा थंड असायला हवा ना? ट्यूनाच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की स्नायूंमधली ऊब बाहेर जाण्याआधी परत आत वळवली जाते. म्हणूनच तो इतका पळतो.

पकडलेला मासा घरी नेता येतो?

मालवणहून येतो, अंदमानहून न्यायचा झाला तर तिथेच विचारून, बर्फाच्या डब्यात. पण हे उत्तर पूर्ण वाचा.

अंगातल्या त्याच उबेमुळे ट्यूना लवकर बिघडतो. उन्हात राहिला की जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामीन तयार करतात, आणि ते शिजवल्याने जात नाही. वासही नेहमी येतो असं नाही. आमच्या पहिल्याच मोसमात फोटोसाठी एक झकास कुपा गोणपाटाखाली तासभर तसाच ठेवला होता. रात्री कालवण केलं. जेवून उठेपर्यंत मेहुण्याचं तोंड लालबुंद, अंगभर पित्ताच्या गांधी, डोकं ठणकतंय. कुप्याने पित्त उठतं असं घरोघरी म्हणतात. चूक कुप्याची नव्हती, गोणपाटाची होती.

आता नियम असा : रक्त काढलं की लगेच बर्फ आणि खारं पाणी यांच्या काल्यात. फोटो अर्ध्या मिनिटात. घरी नेताना डब्यात माशाएवढाच बर्फ. घरी मांस लालभडक बघून बायको ‘हे काय बीफ आणलंय’ म्हणाली तर घाबरू नका, ट्यूना तसाच दिसतो. मधला काळपट पट्टा काढून टाका, चिंच आणि तिरफळ जरा जास्त घाला. सुरमईच्या चवीची अपेक्षा ठेवू नका. बाजारात त्याला सुरमईचा भाव मिळत नाही, ते उगाच नाही.

आम्ही पकडलेला मासा विकत नाही आणि तुम्हालाही विकू देत नाही. खाण्यापुरता ठेवायचा.

बाकीचे सोडून दिले तर जगतात का?

लवकर सोडले तर. ट्यूना तोंड उघडं ठेवून सतत पोहला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी जातं. हातात धरून कौतुक करत बसलात की तो गुदमरतो. सोडताना हळूच ठेवायचा नाही, डोकं खाली करून जोरात पाण्यात सोडायचा, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जातं. कासव किंवा देवमुशी (व्हेल शार्क) गळाला अडकली तर दोरी कापायची, ती वर घ्यायची नाही. दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

बोटीत टॉयलेट आहे का? बायका, मुलं चालतात का? बिअर?

अंदमानच्या बोटीत टॉयलेट आहे. मालवणच्या बोटीत नाही, पडदा लावायची सोय आहे. बायका अर्थातच चालतात, आणि त्या आमचं ऐकतात म्हणून त्यांना मासाही जास्त लागतो. मुलं बारा वर्षांच्या पुढे. बिअर नाही, परतल्यावर काय ते.

इतक्या लांब जायला जमणार नाही. जवळ काही?

आहे की. पनवेल, उरणच्या खाडीत जिताडा आहे, आणि जिताड्यापुढे ट्यूना कोण विचारतो, असं आमच्या आगरी मित्रांचं ठाम मत. तिथे भरती-ओहोटीचं कोष्टक बघून जायचं, बोटही लागत नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्यातला भाग मात्र सोडा, तिथे गळ घेऊन उतरू नका. जिताड्याची सहल आम्ही घेत नाही, पण चहा प्यायला बेलापूरला आलात तर कुठे उभं राहायचं ते सांगू. संध्याकाळी सातनंतर या, त्याआधी ऑफिसला बहुतेक कुलूप असतं.